डोळे न आखलेला गणपती

आमच्या रोह्याच्या घरातल्या शोकेसमध्ये चाळीस वर्षं एक गणपती होता, आणि आम्ही ख्रिस्ती. यात कुणाला काही वावगं वाटत असेल तर त्याने आधी तो गणपती नीट बघायला हवा होता. त्याला डोळे नव्हते.

माझी आई हमरापूरची, गणपती करणाऱ्यांच्या घरातली. लहानपणापासून तिच्या हातात आखणीचा ब्रश. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात जोखमीचं काम. पुढे तिने पप्पांशी लग्न केलं आणि स्वतःच्या मर्जीने बाप्तिस्मा घेतला. आजोबा वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस एसटीने आले आणि वीतभर उंचीचा शाडूचा गणपती तिच्या हातात ठेवला.

"आखणी नाय केली गो," ते म्हणाले. "डोळे नाय म्हणजे देव नाय, नुसती माती हाय. तुझ्या घराला तरास नको. बापाचं काम म्हणून ठेव."

ज्या माणसाने जन्मभर गणपती घडवले, त्याने लेकीच्या नव्या देवाचा मान राखायला आपल्या देवाचे डोळे सोडून दिले. याहून मोठं मन मी तरी पाहिलेलं नाही. पप्पा दर नाताळाला ती मूर्ती स्वतः पुसायचे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब चहा पिता पिता "सोंड सुरेख जमलीय" म्हणायचे. चर्चमधल्या नाताळच्या देखाव्यातल्या पुतळ्यांचे रंग उडाले की तेच आईला बोलावणं धाडायचे.

मागच्या वर्षी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई पार खचली. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने आमच्या चर्चबाहेरच्या एका मंडळीतला, प्रार्थनेने आजार घालवणारा ब्रदर बोलावला. त्याने पप्पांच्या कपाळावर हात ठेवून डोळे मिटले, आणि उघडले ते थेट शोकेसवर.

"आंटी, घरात हे असताना प्रार्थना लागू कशी पडणार? या मूर्तीत दुष्ट आत्मा आहे. अंकल उठत नाहीत ते याच्यामुळेच."

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! पप्पांचं ब्लड प्रेशर वीस वर्षांचं जुनं, गोळ्या चुकवायची खोड तेवढीच जुनी, आणि दोष कुणाचा, तर वीतभर शाडूचा. मूर्ती घडवण्यात हयात घालवलेल्या माझ्या आजोबांना त्यात माती दिसत होती. आणि मूर्ती मानत नाही असं छाती ठोकून सांगणाऱ्या या गृहस्थाला तिच्यात आत्मा दिसत होता. मग मूर्तीवर जास्त विश्वास कुणाचा?

हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी उलट त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेले. त्याची चीड मला आजही येते, आणि ती ब्रदरपेक्षा माझी स्वतःची जास्त येते.

"हा गेला तर बरे होतील ना?" आईने विचारलं.

"विश्वास ठेवा, आंटी."

आईने शोकेस उघडलं. तेवढ्यात पप्पा पलंगावरून जोरजोराने आवाज करायला लागले. शब्द नव्हते, पण ते 'नको' म्हणत होते हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. ब्रदर म्हणाला, "बघा, आत्मा तडफडतोय."

त्याने हातोडी मागितली. "फोडू नका, माझ्या बापाने केलाय," एवढं मात्र आईने ठणकावलं. मग त्याने मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळली, मोटारसायकलवरून कुंडलिका नदीवर नेली आणि पाण्यात सोडली. गणपतीचा नायनाट करायला निघालेल्या या शहाण्याने त्याचं रीतसर विसर्जन केलं! आजोबांनी ज्या मातीला देव होऊ दिलं नव्हतं, तिला याने देवाचा निरोप दिला.

पप्पा उठले नाहीत. दोन महिन्यांनी ब्रदर पुन्हा आला. पप्पांकडे न बघता त्याने आधी भिंती न्याहाळल्या, कपाटावर नजर टाकली.

"आंटी, नीट आठवा. घरात माहेरचं अजून काही राहिलंय का?"

या वेळी त्याला बाहेर काढायचंच असं ठरवून मी पुढे झाले. पण आई पप्पांना पेज भरवत होती, तिने वाटी खाली ठेवली. पदराला हात पुसले आणि दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर धरले.

"हे हायत," ती म्हणाली. "माहेरचेच हायत. यांनी गणपतीला डोळे दिले, आणि आमच्या चर्चमधल्या बाळ येशूला पण यांनीच दिले. बोला आता, हे कुठल्या नदीत सोडू?"