‘अन’ राहून गेलं

पनवेलच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी नर्स म्हणून लागले, त्याला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. माझी शाळा मराठी. औषधांची नावं तोंडपाठ होती, पण इंग्रजीत सलग वाक्य बोलायचं म्हटलं की मी अडखळायचे. आमचे डॉक्टर केरळचे. त्यांना मराठी कळत नसे आणि हिंदी तोडकीमोडकी, त्यामुळे फोनवर सगळं इंग्रजीतच सांगावं लागे. करंजाड्याहून येताना मी रिक्षात शब्द घोकायचे. पेशंट कसा झोपलाय, कसा श्वास घेतोय, हे सांगणारे शब्द. रेस्टलेसली, अँक्शियसली, अनकम्फर्टेबली.

त्या दुपारी खिडकीजवळच्या खाटेवर उरणकडच्या गावातले एक आजोबा होते. हर्नियाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस, शिवाय जुना मधुमेह. सोबतीला त्यांची सून. मी बीपी बघायला गेले, तर आजोबा उठून बसलेले.

“काय होतंय, आजोबा? दुखतंय का?”

“दुकत नाय, बाय. पन जीवाला बरा नाय वाटत.”

बीपी ठीक होतं, नाडी जरा जलद. पण ते आडवं व्हायला तयार नव्हते. चादर मुठीत धरायचे, सोडायचे, परत धरायचे. पंखा डोक्यावर फिरत होता आणि त्यांच्या वरच्या ओठावर घाम साचला होता. मोठ्या सिस्टर बाहेरून आलेल्या सर्जनसोबत ऑपरेशन थिएटरमध्ये अडकल्या होत्या. वॉर्डात मी एकटीच.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते नवीन पनवेलला त्यांच्या क्लिनिकमध्ये होते. बीपी, नाडी आणि आजोबा उठून बसलेत हे सांगून झालं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, “पेशंट बसलाय कसा?”

‘अनकम्फर्टेबली’, म्हणजे अस्वस्थपणे, हा शब्द मला येत होता. जिभेवर होता. पण बाहेर पडेपर्यंत सुरुवातीचं ‘अन’ कुठेतरी गळालं आणि मी म्हणाले, “कम्फर्टेबली, सर.” म्हणजे आरामात.

“मग फोन कशाला केलास?” म्हणून त्यांनी ठेवून दिला.

काय बोलून बसले हे त्याच क्षणी कळलं. परत फोन करायचा तर ते भर क्लिनिकमध्ये ओरडणार, नोकरी जाणार. नाही करायचा तर? मी तशीच उभी राहिले. पाच मिनिटं असतील, जास्तही असतील. त्या वेळाचा हिशोब मला आजही लागत नाही.

सून माझ्याकडे बघत होती. “सिस्टर, तुमी का घाबरल्याव?”

तिला उत्तर न देता मी पुन्हा नंबर लावला. आता एकही शब्द आठवेना. डॉक्टर “येस?” म्हणाले आणि माझ्या तोंडून निघालं, “सर, आय ॲम कॉलिंग फिअरफुली.” मी घाबरत फोन करतेय! सांगायचं होतं आजोबांबद्दल, सांगितलं स्वतःबद्दल. मग मला रडूच फुटलं. “नॉट कम्फर्टेबली, सर. नॉट. स्वेटिंग.”

पलीकडून लगेच आवाज आला, “ईसीजी लाव. मी निघालो.”

मी आजोबांना ईसीजीच्या पट्ट्या लावल्या. डॉक्टर आले, ईसीजीचा कागद पाहिला आणि ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली. हार्ट अटॅक होता. मधुमेह असला की कधी कधी छातीत दुखतही नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आजोबांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. त्या दिवशी मला कुणी रागावलं नाही, त्यानेच जास्त भीती वाटत राहिली. ॲम्ब्युलन्सचा आवाज कुठूनही आला तरी मी हातातलं काम थांबवायचे.

पंधरा-वीस दिवसांनी सून आजोबांच्या ऑपरेशनचे कागद न्यायला आली. सोबत पिशवीभर वालाच्या शेंगा. आजोबा घरी आले होते, भात जेवत होते. “तुमच्यामुलं वाचले,” ती म्हणाली.

मला राहवेना. मी तिला दोन्ही फोनचं सांगितलं. आधी ते आरामात आहेत असं चुकून बोलले, मग घाबरून नुसती उभी राहिले, हेसुद्धा.

शेंगांची पिशवी तिने टेबलावर ठेवली होती, ती परत घेतली नाही, पण माझ्या हातातही दिली नाही. “आता बरे हायत ते,” एवढंच म्हणाली आणि खाली रिक्षा थांबली होती म्हणून निघून गेली.