रंगातलं मीठ

उकळत्या पिंपातल्या लाल रंगात काडी बुडवायची, फुंकर मारून ती जिभेवर टेकवायची आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "मीठ कमी हाय की!" ही आमच्या रंगारीमामांची रीत. सुती दोऱ्यावर रंग नीट चढायला त्यात मीठ लागतं, हे मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना फळ्यावर लिहायचो. मामांना ते जिभेला कळायचं.

मामा कामाला होते त्या अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन जात असे. मामा घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी सोलापुरी मराठी. पोरांना म्हणायचे, "पुस्तकात लिवलंय न्हवं? मग चाखून बगा की!" पोरं मागं सरकली की पोट धरून हसायचे.

एका वर्षी परदेशातल्या विद्यापीठाचे एक प्राध्यापक आले. आमच्या कॉलेजशी त्यांचं ठरलं होतं. त्यांनी इथली रंगाई अभ्यासायची आणि जे कळेल ते इथल्या लोकांना कळवायचं. मामांनी आठ दिवस सगळं दाखवलं, हातचं काही राखलं नाही. निघताना एवढंच विचारलं, "आमच्यातल्या चार-पाच जणांना लगवीतनं रगत जातंय. ह्या रंगानं व्हय? तेवडं तपासून कळवा." मीच ते इंग्रजीत सांगितलं. साहेब रंगाच्या पुड्या घेऊन गेले.

मग मी दिसलो की मामांचा एकच प्रश्न, "सर, आलं का उत्तर?"

आलं हो! जाडजूड पार्सल आलं. पण आपल्याकडचं तुम्हाला ठाऊकच आहे. परदेशातून आलंय म्हटल्यावर ते पाहुण्यांच्या हस्ते, हारतुरे घालूनच उघडायचं! प्राचार्य म्हणाले, "मंत्रीसाहेबांची तारीख मिळू द्या." आणीबाणी उठली, मंत्री बदलले, पार्सल कपाटात तसंच. मामांना मी सांगायचो, "समारंभ झाला की वाचून दाखवतो." त्यांनी समारंभासाठी नवा सदरा शिवून घेतला.

पार्सल आल्यापासून आठ महिन्यांनी मामा कामावर यायचे थांबले. तेव्हा कुठं मी कपाट उघडून पार्सल फाडलं. पहिल्याच पानावर होतं, हा रंग ताबडतोब बंद करा, यानं मूत्राशयाचा कॅन्सर होतो. तोंडाला तर मुळीच लावू नका. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मामांच्या बाजेशी बसून मी ते मराठीत सांगितलं. डॉक्टरांनी तोवर हात टेकले होते. वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाकीच्यांना सांगितलं?"

"नाही, मामा."

"मग हितं काय करताय? उटा की!"

त्यांची बायको रडत आडवी आली, तरी ते माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसलेच. कारखान्यात भिंतीला धरून उभे राहिले आणि तेलुगूत बोलले. मला एक शब्द समजला नाही. पण माणसांनी एकेका पिंपाखालची लाकडं ओढून काढली, त्यांवर पाणी मारलं. मालक ओरडत आला, तरी कुणी जागचं हललं नाही.

पंधरा दिवसांनी मामा गेले.

कॉलेजपासून कारखान्यापर्यंत सायकलनं वीस मिनिटं लागतात. मला आठ महिने लागले.