डोंग्यातला भित्रा माणूस

गेल्या रविवारी अहेरीला गेलो होतो... आल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

नवीन मंडळींसाठी सांगतो, मी गडचिरोलीत शिक्षक आहे आणि जुनी कॉमिक्स जमवतो. राक्षस-जादूगारांची नाही, खऱ्या माणसांची. वैमानिक, गिर्यारोहक, डॉक्टर... खरंच घडलेलं चित्रांतून सांगणारी. या कम्युनिटीवर त्यांची पानं स्कॅन करून टाकत असतो.

माझ्या सगळ्यात लाडक्या अंकात आपल्याच भागातली गोष्ट आहे. पुरानं वेढलेल्या एका गावात डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, कॉलऱ्याची औषधं पोचवणारी तरुण नर्स. त्या शकीलाबाई रिटायर होऊन अहेरीतच राहतात असं कळलं, आणि मी अंक पिशवीत घालून सकाळची एसटी पकडली.

शकीलाबाईंनी तो अंक कधी पाहिलाच नव्हता. तेव्हा शहरातून कोणी एक जण आला होता, सगळं विचारून गेला, एवढं त्यांना आठवत होतं. हरखून त्यांनी शेजारणीला हाक मारली, "सोमी, ये वं! माही गोष्ट पुस्तकात छापली म्हनते!"

सोमीबाई भांडी घासत होत्या. ओले हात पदराला पुसत आल्या आणि खाली बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, शकीलाबाईंना बारीक अक्षर दिसत नव्हतं... म्हणून मीच मोठ्यानं वाचायला लागलो.

वर्गात वाचतो तसंच, हातवारे करून, आवाज बदलून. त्या गोष्टीत एक नावाडी आहे. ढेरपोट्या, बटाट्यासारख्या नाकाचा, पूर बघून लटलट कापणारा. "नको बाई, मी मरून जाईन!" म्हणत तो डोंग्याच्या बुडात लपतो आणि नर्स स्वतः वल्हं हाती घेते. या पानावर माझी पोरं हसून लोळतात. मी तो कापरा आवाज अगदी रंगवून काढला.

शकीलाबाई मध्येच म्हणाल्या, "गुरुजी, राहू द्या आता." मला वाटलं, लाजताहेत. मी आणखी जोरात वाचलं...

कोणीच हसलं नाही.

सोमीबाईंनी वाकून चित्रावर बोट ठेवलं. "हा कोन व्हय जी?"

"नावाडी," मी म्हणालो.

"नावाडी त् माहा बाप होता."

शकीलाबाईंनी माझ्या हातातून अंक ओढून घेतला आणि पालथा टाकला. "हा तुहा बाप नोहे, सोमी. दुर्गाजी असा होता काय? उंच, सडसडीत मानूस! मी त् औषधाची पेटी पोटाशी धरून, डोळे मिटून रडत बसली होती. तोच म्हने, बाई, घाबरू नोका, मी हावो ना. नेलं बी त्यानंच अन् परत आनलं बी त्यानंच. त्या शहरातल्या मानसाले मी हे सगळं सांगितलं होतं... खुदा की कसम."

सोमीबाईंनी पालथा अंक सुलटा केला. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "गुरुजी, हे पुस्तक किती लोकायनं वाचलं असन?"

मला मान वर करता येईना. मागच्या महिन्यात मी तेच पान इथे टाकलं होतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी खाली हसून लिहिलं होतं... आणि मी त्यांना उलट आणखी विनोद करून उत्तरं दिली होती.

"चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हणालो. एसटीचं निमित्त काढून उठलो, तर सोमीबाई दारात आडव्या आल्या. "जेवल्याबिगर काऊन जाता जी? ते चित्र तुमी थोडीच काढलं?"

घरून भात आणि मासोळीचा रस्सा घेऊन आल्या. चित्र मी काढलं नव्हतं, पण तो आवाज तर माझाच होता... त्या आग्रहानं वाढतच होत्या.

ते पान मी इथून काढून टाकलंय. ज्यांनी वाचलं होतं त्यांनी कृपा करून हेही वाचा. नावाड्याचं नाव दुर्गाजी. भर पुरात डोंगा त्यांनी नेला आणि परतही आणला.

सोमीबाई, तुम्ही मला उपाशी जाऊ दिलं नाहीत. याची अजून लाज वाटते... आणि खरं सांगू, त्याचाच आधारही वाटतो.