देवकाबाईचं दीड वाजताचं पाकीट

नऊ माणसांना पुरेल एवढं वांग्याचं भरीत करायला पहाटे किती वाजता उठावं लागतं, ठाऊक आहे तुम्हाला? नसेल, तर आजवर तुम्ही खाणाऱ्यांच्या बाजूला बसत आलात. तेवढं कबूल करा आणि पुढे वाचा.

देवकाबाई चार वाजता उठायची. वावर नाचणगावला, नोकरी वर्ध्याला. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात ती झाडझूड करते, चहापाणी बघते, फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेते. नवरा महादेवराव भाजीपाला पिकवतो: वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने घरच्या वांग्याचं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं भरीत डब्यात नेलं. तिथेच फसली बिचारी.

कारण त्या ऑफिसात एक पद्धत आहे. जेवताना सगळ्यांनी डबे मधात, म्हणजे टेबलाच्या मधोमध, ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते घ्यायचं. ऐकायला किती छान वाटतं. प्रत्यक्षात बाकीचे डबे तसेच राहायचे आणि आठ जणांचे आठ हात देवकाबाईच्या डब्यात शिरायचे. ती बसायची सगळ्यांत शेवटी, कारण आधी सगळ्यांना पाणी द्यायचं असायचं. तोवर डब्याच्या बुडाशी तेल आणि मिरचीची देठं. मग कोणाची तरी उरलेली फुलकोबी आणि गार पोळी. वरून फर्माईश, "मावशी, उद्या जरा जास्त आणजा." अकरा वर्षं ती जास्त आणत राहिली.

मागच्या उन्हाळ्यात ती आठ दिवस पुण्याला, लेकीकडे गेली. दिपाली कामावर जाताना फ्रीजरमधून एक खोकं काढून पिशवीत टाकायची. एका दुपारी तिने आईलाही तसंच खोकं गरम करून दिलं. मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं, आणि समोर वाफाळता राजमा-चावल.

"याच्यावर काय लिवलं हाय वं?" देवकाबाईने विचारलं.

"एका माणसापुरतं, आई."

देवकाबाईने ते खोकं घडी करून सोबत आणलं. एवढं चांगलं वाक्य तिला उभ्या आयुष्यात कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

वर्ध्यात स्टँडजवळच्या नव्या मार्टात तशी पाकिटं मिळतात, हे तिने दोन दिवसांत शोधून काढलं. सोमवारी राजमा-चावल, मंगळवारी हक्का नूडल्स, बुधवारी थाई करी. थाई करीला ती 'हिरवा रस्सा' म्हणते आणि वरून घरचं तिखट घालते, कारण तिच्या मते त्या लोकांचा हात तिखटाला भितो. ऑफिसच्या फ्रीजरमध्ये ठेवलेलं पाकीट ती दीड वाजता तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये गरम करते. थाळी मधात ठेवत नाही. मांडीवर घेते आणि खिडकीकडे तोंड करून जेवते.

महादेवरावाला हे काही पटलं नाही. "वावरात वांगी लोंबून राह्यली, अन् तू बर्फातलं खाऊन राह्यली?"

"वांगी तुमी खा. मी आठ वर्षांची होती तवापासून दुसऱ्यासाठी रांधून राह्यली. आता दुपारचं मले कोणी रांधून देते, तर देऊ द्या. मशीन का असेना."

हिशेब बघणारी रंजिता तर रोजच टोमणा मारायची. "काय मावशी, चीनमध्ये सोयरीक जमवली का?"

"जमवली न. तिकडचे पाव्हणे आपापल्या ताटात जेवते म्हणे."

महिनाभर हे हसण्यावारी गेलं. पण भरीत बंद झाल्याचं दुःख मॅनेजर किशोर सरांना सोसेना. एका सकाळी फ्रीजवर कागद चिकटला: फ्रीजरमध्ये खाजगी पाकिटं ठेवू नयेत, मायक्रोवेव्ह फक्त डबे गरम करण्यासाठी आहे. त्या फ्रीजरमध्ये देवकाबाईशिवाय कोणाचंच पाकीट नव्हतं. म्हणजे कागद कोणासाठी होता ते भिंतीलाही कळत होतं.

कागद राहिला तर पहाटेची चूल पुन्हा पेटणार आणि दुपारी पुन्हा मिरचीची देठं. देवकाबाई हातातली झाडणी घेऊनच सरांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"भरीत पाह्यजे म्हणून कागद लावला न सर? सरळ सांगा न जी."

"तसं नाही मावशी. डबा मधात ठेवायची आपली पद्धत आहे. ती मोडायला नको."

"पद्धत सगळ्यांची, अन् रांधणं माह्या एकटीचं काऊन? तुमीच आणा एक दिवस. नऊ जणांले पुरन एवढं, अन् तुमच्या हातचं. वहिनीच्या हातचं चालणार नाई. आणलं, तर उद्यापासून माही पाकिटं बंद. नाई आणलं, तर कागद तुमी काढजा."

सगळं ऑफिस ऐकत होतं. सरांना नाही म्हणता येईना. "शुक्रवारी," ते म्हणाले.

शुक्रवारी एक वाजता सर पिशवीतून तीन टप्पोरी वांगी घेऊन आले. कच्ची. मोबाईलवर त्यांनी पाहिलं होतं की मायक्रोवेव्हमध्ये वांगं आठ मिनिटांत भाजतं. कांदा, सांबार, तेल असा सगळा सरंजाम टेबलावर मांडून त्यांनी तिन्ही वांगी अख्खीच आत ठेवली.

ज्याने जन्मात एकदाही वांगं भाजलं आहे, त्याला भाजण्याआधी चीर मारावी लागते हे माहीत असतं. देवकाबाईने विचारलंही, "सर, चीर मारली का?"

"मावशी, आज तुम्ही बोलायचं नाही. आज माझी पाळी."

ती दोन पावलं मागे सरकली.

सातव्या मिनिटाला आत आवाज झाला. मग दुसरा. तिसऱ्याला दारच उघडलं आणि वांग्याचा एक गोळा सरांच्या कॅलेंडरवर जाऊन बसला. आतून सगळा मायक्रोवेव्ह लिंपलेला.

सगळ्यांच्या माना सवयीने देवकाबाईकडे वळल्या. पुसणं तिचंच काम. देवकाबाईने घड्याळ पाहिलं.

"दीड वाजला," ती म्हणाली. "दोनपर्यंत माही सुटी हाय. पुसायचं फडकं मोरीत टांगलं हाय."

आणि गोठलेली नूडल्सची थाळी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. मग रंजितानेच फडकं आणून सरांच्या हातात दिलं. सरांनी बाह्या वर केल्या. कोपरे-कोपरे खरवडून, दोनदा पाणी बदलून त्यांनी मायक्रोवेव्ह पुसला, आणि पुसून झाल्यावर तोच हात पुढे करून देवकाबाईची थाळी मागितली. पाच मिनिटांनी नूडल्स आली. थोडा वांग्याचा वास होता, पण गरम होती.

सरांचा डबा त्या दिवशी घरून आलाच नव्हता. ते रिकाम्या टेबलाशी बसलेले पाहून देवकाबाई उठली, फ्रीजरमधून आपला राजमा-चावल काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या. आधी कोपरा फाडजा सर, नाई त हेही फुटन."

कागद त्याच दुपारी निघाला. भरीत ती आजही आणते, महिन्यातून एखाद्या शनिवारी, मनात आलं तर. आणलं की आधी आपलं वाढून घेते.

तुमचं कधी ठिबकच्या कामाने त्या ऑफिसात जाणं झालं, तर एक करा. दीड ते दोनच्या मध्ये तिला हाक मारू नका. तहान लागली असेल तर माठ दाराशीच आहे. उठा, आणि आपल्या हाताने पाणी घ्या.