एंटरबाईंचा उन्हाळी वर्ग

ताईचं लग्न झालं तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती आणि बाई एकावन्नच्या. आईवडील गेल्यापासून या दोघी सख्ख्या बहिणी दोन खोल्यांत एकत्र राहत होत्या. दोघींनीही लग्न केलं नव्हतं आणि आता कुणी तो विषयही काढत नसे. मग ताईच्या कचेरीत नकाशे काढणारे एक विधुर गृहस्थ निवृत्त झाले आणि दोन महिन्यांनी त्यांनी तिला सरळच विचारलं. ताई हो म्हणाली. त्यांचं घर रेल्वेने सात तासांवर होतं.

निघताना ताईने दारात विचारलं, "तू राहशील ना गं एकटी?"

"मला काय धाड भरलीये? जा तू," बाई म्हणाल्या. ताईने ते खरं मानलं.

लोक भेटले की ताईच्या लग्नाबद्दल बाईंचंच अभिनंदन करायचे. त्या हसून मान डोलवायच्या. वीस वर्षांत त्यांनी घराची किल्ली कधी जवळ बाळगली नव्हती, कारण ताई त्यांच्या आधी घरी पोचायची. पहिल्याच महिन्यात दोनदा किल्ली आत राहिली आणि कुलूपवाला येईपर्यंत त्या जिन्यात बसून राहिल्या. खालच्या शेजारणीने आत बोलावलं, तर म्हणाल्या, कशाला उगाच, इथे छान वारा येतोय. जिन्यात वाऱ्याची झुळूकही नव्हती.

बाईंनी चोवीस वर्षं टायपिंग शिकवलं होतं. ते क्लास बंद पडले, तेव्हापासून त्या एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करून देत. तिथेच एकदा वाचनालयाचे ग्रंथपाल आले. मुलांना प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणारा सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग त्यांनी जाहीर केला होता आणि ठरलेला शिक्षक ऐन वेळी दुसरीकडे नोकरीला लागला होता. बाई म्हणाल्या, मला फक्त टायपिंग येतं. ग्रंथपाल म्हणाले, मुलांना तेवढंही येत नाही.

दोन आठवडे बाई प्रोग्रॅमिंगचं पुस्तक घेऊन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बसल्या आणि त्यातला प्रत्येक धडा त्यांनी आधी स्वतः करून पाहिला. हॉलमध्ये कुठल्याशा कार्यालयाने काढून टाकलेले आठ कॉम्प्युटर होते. त्यांतला एक अधूनमधून रुसायचा.

नऊ ते बारा वर्षांची चौदा मुलं आली. बाईंनी सवयीने जुनाच पाठ सुरू केला: पाठ ताठ, मनगटं वर, आणि आता ओळ संपली की एंटर दाबा. तिसऱ्या दिवशी जिन्यात एक मुलगा दुसऱ्याला सांगताना त्यांनी ऐकलं, "चल लवकर, एंटरबाई आल्या." त्या तशाच दोन पायऱ्या मागे सरल्या, म्हणजे मुलांना ओशाळवाणं वाटायला नको. नाव त्यांना आवडलं होतं. घरी गेल्यावर ते कुणाला तरी सांगावं असं वाटलं आणि मग त्यांनी रेडिओ लावला.

दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर बाण चालवायचा धडा होता. बाणाला पुढे जायला सांगायचं, वळायला सांगायचं, की तो मागे रेघ सोडत जातो. पहिलं काम होतं चौकोन काढायचं. चष्म्याला दोरी लावून तो गळ्यात अडकवणारी एक मुलगी मध्येच उठून उभी राहिली.

"बाई, माझा बाण निघून गेला."

बाईंनी वाकून पाहिलं. शंभर पावलं पुढे जा, असं तिने चार वेळा लिहिलं होतं. बाण सरळ चालत पडद्याबाहेर गेला होता.

"त्याला वळायला कुठे सांगितलंयस?"

"पण मला चौकोन हवाय, हे त्याला कळायला नको?" मुलगी रडकुंडीला आली होती.

सांगितल्याशिवाय त्याला काही कळत नाही, हे उत्तर बाईंनी त्या सकाळीच तीन मुलांना दिलं होतं. या खेपेला ते तोंडातून बाहेर पडेना. त्यांनी नुसतंच मुलीचं बोट धरून ओळीच्या शेवटी नेलं. तिने प्रत्येक ओळीनंतर वळायची सूचना लिहिली, बाण फिरून जागेवर आला, आणि मुलगी लगेच त्रिकोणाच्या मागे लागली.

दोघी बहिणींचा फोन रविवारी व्हायचा, दहा मिनिटं, तब्येत आणि हवापाणी. त्या दिवशी बुधवार होता. संध्याकाळी बाईंनी फोन लावला तेव्हा ताई दचकलीच.

"काय झालं गं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काही नाही असं नाही. मला करमत नाही, ताई. तू गेल्यापासून घरात पाऊल टाकवत नाही."

"तू तर म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. खोटं बोलले."

"मग आठ महिने कशाची वाट बघत होतीस?" ताई रागावली होती की रडत होती, ते समजेना.

"तुला कळेल, असं वाटलं."

यावर ताई जे बोलली ते बाईंच्या स्वप्नातही नव्हतं. ती म्हणाली, "मलाही इथे कोणी नाही गं. हे चांगले आहेत, पण दिवसाला दहा शब्द बोलतात. मी हौसेने आलेली, मग तुझ्यापुढे रडगाणं गाऊ कशी?"

चौथ्या आठवड्यात ताई आणि भाऊजी तीन दिवसांसाठी आले. दोघी बहिणींचं बोलणं सरेना. भाऊजींना काही उद्योग नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी बाई त्यांना वर्गात घेऊन गेल्या. ते मागच्या बाकावर बसले. कुणाचा तरी षटकोन जुळत नव्हता. भाऊजींनी खिशातून पेन्सिल काढली, कोन किती हवा ते कागदावर काढून दाखवलं आणि तिथून पुढे तासभर ते थांबलेच नाहीत. मुलांनी जाताना त्यांचं कोनकाका असं नाव ठेवलं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "मला षटकोन काढायला शिकव, म्हणजे माझ्याशी तरी बोलतील."

निघताना ताई म्हणाली, तू आमच्याकडेच राहायला ये. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि 'नाही' असं कळवलं. तिथे त्या काय करणार होत्या? आणि दोन माणसांच्या घरात तिसरं माणूस होऊन राहायचं, ते एकटं राहण्याहून अवघड असेल, असं त्यांना वाटलं. हेही त्यांनी ताईला जसंच्या तसं सांगितलं. ताईला लागलं, पण तिने ऐकून घेतलं.

वर्ग संपला त्या दिवशी पालक आले, त्यांनी चित्रं पाहिली आणि ते मुलांना घेऊन गेले. चष्म्याची मुलगी आईला आपण काढलेली चांदणी दाखवण्यात इतकी दंग होती की बाईंचा निरोप घ्यायचा राहून गेला. हॉल एरवी वर्षभर बंदच असतो, ग्रंथपाल म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात मात्र नक्की या. बाईंनी आठही कॉम्प्युटर बंद केले, त्यांवर जुन्या चादरी पसरल्या आणि त्या खाली उतरल्या.

आता त्या पुन्हा दुकानात अर्ज टाइप करतात. घर संध्याकाळी रिकामंच असतं. बुधवारीही फोन होतो. कधी ताई उचलत नाही, तेव्हा बाई अर्ध्या तासाने पुन्हा लावतात, आणि ताई फोनवर आली की विचारतात, "कुठे होतीस? मी वाट बघत होते."