दगडाची म्हैस आणि काचेची कड

काच घासायच्या चाकाखाली घमेलं ठेवावं लागतं. दिवसभर त्यात पांढरा गाळ साठतो. आमच्या गेवराईच्या दुकानात गाळाबरोबर किस्सेही साठायचे. गाळ आम्ही टाकून द्यायचो, किस्से मात्र मी घरी न्यायचो. आता बसलाच आहात तर ऐका.

गावाकडं, चकलांब्यात, आमची जमीन कोरडवाहू, विहिरीत नुसते दगड. निम्मं गाव ऊसतोडीला निघायच्या तयारीत. मुकादम आमच्याही ओट्यावर येऊन बसायचा. बायको, सुमन, म्हणाली, "मला कोयता धरायचा न्हाई. दसऱ्यापर्यंत दुसरं काम पक्कं करा, न्हाईतर निघावंच लागंल." म्हणून मी गेवराईत अप्पांच्या काचेच्या दुकानात शिकायला लागलो. काचेच्या कडेला सारखा तिरका उतार पाडायचा, त्याला बेव्हल म्हणतात. तो जमला तर मशीनवर कायम, नाहीतर ऊस.

*

पहिल्याच दिवशी मी बाह्या सावरून काच चाकावर अशी दाबली की कोपराच उडाला. अप्पा चहा पीत होते. कपही खाली ठेवला नाही.

"कावून बे, औत हाणतो का? नुसती टेकव. काच आपली आपण झिजती."

दुसरी टेकवली. तीही गेली.

"अप्पा, टेकवलीच होती की."

"टेकवली न्हाई, तिच्यावर बसला तू."

*

चाक दगडाचं, त्यावर सारखं पाणी सोडावं लागतं, नाहीतर काच तापून तडकते. इथं तर प्यायच्या पाण्याचे वांधे. त्यामुळं घमेल्यातलं पांढरं पाणी आम्ही बादल्यांत ओतायचो, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी परत चाकावर.

समोरच दूध संस्थेची डेअरी. तिचे चेअरमन एकदा दुकानात आले. सभासदांवर लई चिडलेले. "प्यायला पाणी न्हाई म्हणतेत, आन् दुधात घालायला बरोबर सापडतं!" बोलता बोलता बादल्यांकडं लक्ष गेलं. "अप्पा, दुष्काळात एवढं दूध? आमच्याकडं कावून घालत न्हाई? कोणती म्हैस हाय?"

अप्पांनी चाकाकडं बोट केलं. "दगडाची हाय. चारा लागत न्हाई, पाणी पाजलं की देती."

चेअरमन हसले, पण जाताना बादलीत बोट बुडवून बघितलंच.

*

मग माझ्या हातात सलूनवाल्याचा आरसा आला. एका बाजूचा उतार रुंद झाला, म्हणून समोरची बाजू घासली. ती जास्त झाली, म्हणून परत पहिली. संध्याकाळपर्यंत चारी बाजू अगदी सारख्या, पण आरसा राहिला तळहाताएवढा.

सलूनवाल्यानं तो तोंडासमोर धरला, इकडं तिकडं फिरवला. "काम झ्याक हाय. पण यात एकच गाल दिसतो. गिऱ्हाइकाकडून अर्ध्या दाढीचे पैसे घेऊ का?"

*

पुढं हात बसला. पण ओल्या काचेवर घासून घासून अंगठ्याच्या रेषाच गेल्या. सोसायटीच्या रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन मला ओळखेना. अंगठा पुसला, पुन्हा ठेवला. मशीन म्हणतं, हा तो माणूसच नाही.

सुमन मागंच उभी होती. म्हणाली, "बरोबर बोलतंय ते. आमचा माणूस दार आपटून घरात यायचा. ह्यो दोन्ही हातांनी हळू लावतो." आणि स्वतःचा अंगठा ठेवून धान्य घेतलं.

*

दसरा तोंडावर आला, तेव्हा चेअरमनची ऑर्डर आली. त्याच संध्याकाळी संस्थेची वार्षिक सभा, टेबलावर नवी काच पाहिजे, चारी कडांना उतार. अप्पा म्हणाले, "ही तू करायची. जमली तर मशीन तुझं. फुटली तर माझ्याकडं दुसरी काच न्हाई, आन् तुझ्याकडं दुसरा दसरा न्हाई."

मी काच चाकाला टेकवली. तीन कडा सुरेख झाल्या. चौथी अर्ध्यात असताना पाणी संपलं. टँकरचा पत्ता नाही. बादल्यांत नुसता चिखल. मी पळत डेअरीवर गेलो.

"पाणी हाय का थोडं?"

दूध मोजणारा म्हणाला, "पाणी कुठलं? पाणी घातलं म्हणून बाजूला काढलेलं दूध हाय दोन कॅन. सांडूनच द्यायचंय."

मी दोन्ही कॅन उचलून आणले. अप्पा बघतच राहिले.

"आता म्हशीलाच दूध पाजतो का?"

"अप्पा, दुसरं काय करू?"

त्यांनी बाह्या सावरल्या. स्वतः कॅन उचलून चाकावर धार धरली. दुकानभर करपल्या दुधाचा वास सुटला, बाहेर मांजरं जमली. मी काच नुसती टेकवली. चौथी कड पार झाली.

संध्याकाळी चेअरमन आले. चारी कडांवरून बोट फिरवलं. "झ्याक! कुणी केली?"

"आमच्या मशीनवाल्यानं," अप्पा म्हणाले.

कोण म्हणून मी मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

चेअरमन अजून काच निरखत होते. "पण अप्पा, आज तर टँकर आलाच न्हाई. मग चाकाला पाणी कुठलं?"

अप्पांनी रिकामे कॅन त्यांच्यापुढं सरकवले.

"तुमच्या सभासदांनी घातलेलं होतं, साहेब."