वहिनीच्या आवाजाचं यंत्र

टिटवी हे नाव तिला बापानेच ठेवलं होतं. आवाज बारीक आणि धारदार, वेग असा की एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर चढलेलं. कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत ती जुनीजाणती डिझायनर होती, तिथे तिला मॅडम म्हणत. घरी मात्र पन्नाशी उलटली तरी टिटवीच.

आणि आता टिटवीचं बोलणं बापालाच ऐकू येत नव्हतं. याचं तिला दुःख होतं म्हणावं तर दुःख थोडं आणि जळफळाट फार. कारण वहिनीचं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

ऑफिस सुटलं की ती भावाकडे जायची. बाबा खिडकीशी खुर्चीत बसलेले असत. ही स्टूल ओढून अगदी कानाशी बसायची.

"बाबा, दुपारी झोपलात का? गुडघा काय म्हणतो? गोळी घेतली ना?"

"अं?"

तेवढ्यात आतून, ओट्याकडे तोंड आणि यांच्याकडे पाठ करून उभी असलेली वहिनी जाड, संथ आवाजात विचारायची, "बाबा, चहा टाकू का?"

"टाक की, सूनबाई. अर्धाच कप."

टिटवी वहिनीच्या पाठीकडे टक लावून बघायची. बाबांच्या कानातलं मशीन कुणाचं? हिचं. त्यातला मेंदू म्हणावा असा भाग तर खास हिचा. आत येणारा आवाज माणसाचं बोलणं आहे की नुसता गोंगाट, हे ओळखणारं सर्किट. बोलणं असलं तर वाढवायचं, गोंगाट असला तर दाबून टाकायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात तिच्या नोकरीची निम्मी वर्षं गेली होती. त्या सर्किटचं पहिलं मशीन तिने हौसेने बापाच्या कानात बसवलं आणि त्याचं सगळं सुख वहिनीने उपभोगलं!

म्हातारा सोयीचा बहिरा आहे, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. सून चहा देते, म्हणून सुनेचं ऐकू येतं. लेक गोळ्या विचारते, म्हणून अं.

"वन्सं, जरा दमाने बोला ना," वहिनी एकदा म्हणाली. "तुमचं अर्धं मलाही कळत नाही, आणि माझे कान शाबूत आहेत."

"तुला कळावं म्हणून मी बोलत नाहीये, वहिनी."

"ते बरीक कळलं."

उलगडा झाला तो ऑफिसात. टेबलावर तेच सर्किट मांडलं होतं. माइकपुढे कुणी बोललं की हिरवा दिवा लागायचा, भांडं आपटलं की विझायचा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी बोलला, दिवा लागला. दारावरचा वॉचमन खाकरून "नमस्कार" म्हणाला, दिवा लागला. टिटवी म्हणाली, "वायर सैल आहे का बघा, काल नीट जोडली होती मी," आणि दिवा ढिम्म.

तिने पुन्हा सांगितलं. मग दिव्यालाच दोन शब्द सुनावले. अंधार.

सहकाऱ्याने हसू आवरत म्हटलं, "मॅडम, तुम्ही भांड्यांत जमा झालात."

मशीनला शिकवायला आवाज लागतात. ते तिने कुठून घेतले होते? भावाच्या स्वयंपाकघरातून. बापाला जिथे वावरायचं तिथलेच आवाज हवेत, म्हणून दिवसभर तिथे रेकॉर्डर ठेवला होता. खडखडाट म्हणून नळ, मिक्सर, ताटं, चमचे. आणि बोलणं म्हणून वहिनी. वहिनीने त्या दिवशी आपल्या बहिणीशी फोनवर पोटभर गप्पा मारल्या होत्या. त्या संथ चढउतारावर टिटवीने सर्किट जुळवलं, रात्रंदिवस, मोठ्या प्रेमाने. स्वतःचा आवाज तिने घातलाच नव्हता. तो तिलाही आवडत नसे. बारीक, तुटक, न थांबणारा हा आवाज सर्किटच्या हिशेबी चमच्यांच्या जातीचा होता.

म्हणजे वहिनीला बापाच्या कानात हिनेच नेऊन बसवलं होतं. दुसरी कुणी असती तर हसली असती. टिटवीने त्याच दिवशी सर्किटची बोलणं ओळखायची पातळी खाली आणली, इतकी की तिचा आवाज आत यावा, आणि संध्याकाळी मशीन बदलून दिलं.

"बाबा, ऐकू येतंय?"

"अगं, येतंय की!" बाबा दचकूनच म्हणाले. टिटवीने स्वयंपाकघराकडे असं पाहिलं, जसं काही वर्गात पहिला नंबर आला होता.

दुसऱ्या दिवशी मशीन बाबांच्या खिशात होतं.

"डोक्यात नुसता खणखणाट होतोय म्हणाले," वहिनी सांगू लागली. टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "मी ताट ठेवलं तरी दचकायचे. मग काढून टाकलं. दिवसभर मी काही विचारलं की नुसते बघत बसले माझ्याकडे, लहान मुलासारखे."

टिटवीचा आवाज आत घ्यायचा तर ताटं-चमचेही आत येणार, दोन्ही एकदम जमत नव्हतं. बदलायला बटण देता आलं असतं, पण बाबा बटणाला हात लावणारे नव्हते. ही तासाभराची पाहुणी, वहिनी दिवसभराची. टिटवीने ओठ आवळून पातळी होती तिथे परत नेली. हेवा मात्र पातळीबरोबर कुठेही गेला नाही, तो जिथल्या तिथे होता.

मग तिने दुसरा उद्योग सुरू केला. ऑफिसात सगळे जेवायला गेले की माइकपुढे बसायची आणि वहिनीसारखं बोलायची. जाड. संथ. प्रत्येक शब्दाला मांडी घालून बसायला जागा देत. बऱ्याच दिवसांनी दिवा लागला, तेव्हा तिला आनंद झाला आणि स्वतःची किळसही आली.

त्या संध्याकाळी बाबा खिडकीतून फाटकाकडे बघत होते. ही मागच्या दाराने आली होती.

"बाबा... दिवा... लावू का?"

"लाव की, सूनबाई," ते न वळता म्हणाले.

सूनबाई! आपण टिटवी आहोत, हे सांगायला तिने तोंड उघडलं, तोच बाबा पुढे बोलले, "ही टिटवी कुठे अडकली गं? कुणाशी तरी भांडत बसली असेल. फाटकाकडे बघून मान अवघडली माझी. तिला सांगू नकोस हं, उगाच चढून बसेल."

वहिनी झारा हातात घेऊन दारात आली होती. तिचा आ वासलेला. टिटवीने तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आवाज न करता स्टूल खुर्चीच्या मागे सरकवलं आणि त्याच उसन्या, जाड आवाजात सावकाश विचारलं,

"आणखी... काय... म्हणत होतात... तिच्याबद्दल?"